रोजगार हमीचे जनक : वि. स. पागे

नोकरदाराच्या वेतनपत्रकावर दरमहा एक छोटी कपात दिसते. तिला व्यवसाय कर म्हणतात. १९७५ साली महाराष्ट्रात हा कर लागू झाला तो दुष्काळी भागातील मजुराला काम देण्यासाठी. शहरातील पगारदाराचा पैसा खेड्यातील बंधाऱ्यापर्यंत नेणाऱ्या या व्यवस्थेमागे ज्यांचा विचार होता, ते विठ्ठल सखाराम पागे आज शहरी महाराष्ट्राच्या फारसे स्मरणात नाहीत.

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजी झाला. सांगली जिल्ह्याच्या मातीत ते वाढले. त्यांनी वकिलीचे शिक्षण घेतले आणि स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगला. गांधीविचार आणि सर्वोदय यांचा त्यांच्यावर खोल संस्कार होता. १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. एवढ्या प्रदीर्घ काळ हे पद भूषविताना त्यांनी आपल्या दुष्काळी तालुक्याशी असलेले नाते मात्र तुटू दिले नाही.

तासगाव तालुक्यातील विसापूरच्या परिसरात १९६५ च्या सुमारास त्यांनी एक प्रयोग आरंभला. शेतीची कामे संपली की भूमिहीन मजूर आणि कोरडवाहू शेतकरी रिकाम्या हाताने बसतो. त्याच गावात पाणी अडवायला बांध नसतो आणि बाजाराला जायला धड रस्ता नसतो. हात आणि काम यांची गाठ सरकारी निधीने घालून द्यावी, इतका हा विचार साधा होता. मदत म्हणून धान्य वाटण्याऐवजी मजुरी द्यावी आणि त्या मजुरीतून गावाची कायमची मालमत्ता उभी राहावी, असा पागे यांचा आग्रह होता.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी हा विचार उचलून धरला आणि १९७२ मध्ये योजना राज्यभर नेण्याचे ठरले. त्याच वेळी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. अनेक ठिकाणी त्यांच्या वाट्याला केवळ खडी फोडणे आले. उत्पादक कामांची यादी आधीच तयार हवी, हा पागे यांचा मुद्दा या अनुभवाने अधोरेखित झाला.

खरा प्रश्न पैशाचा होता. त्यासाठी व्यवसाय कराबरोबरच विक्रीकर व मोटार वाहन कर यांवरील अधिभार आणि बागायती जमिनीवरील विशेष आकारणी असे मार्ग काढण्यात आले. या करांतून जेवढी रक्कम जमेल, तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढाने मागणी केल्यास पंधरा दिवसांत काम आणि ते न मिळाल्यास बेकारी भत्ता, अशी तरतूद त्यात होती. काम हा नागरिकाचा हक्क आणि शासनाचे कर्तव्य ठरले.

या कामांतून पाझर तलाव, नालाबांध, विहिरी, रस्ते आणि वनीकरण उभे राहिले. मजुरांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. अनेकींच्या हाती स्वतःच्या कष्टाचा पैसा प्रथमच आला. मात्र हजेरीपटावरील खोटी नावे, अर्धवट सोडलेली कामे आणि रखडलेली मजुरी यांनी योजनेला ग्रासले. रोजगार हमीसाठी गोळा झालेला पैसा त्याच कारणासाठी पुरता खर्च होत नाही, ही तक्रारही वारंवार झाली. हक्क कायद्यात लिहिला तरी तो तहसील कचेरीत मिळवावा लागतो, हे मजुरांच्या संघटनांनी मोर्चे काढून दाखवून दिले.

१६ मार्च १९९० रोजी पागे यांचे निधन झाले. पंधरा वर्षांनी, २००५ मध्ये, संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्यापुढे होता. गावातील तलावाचा खर्च शहराने का उचलावा, हा प्रश्न आजही विचारला जातो. शहराकडे येणारा लोंढा दुष्काळी शिवारातूनच निघतो, हे ध्यानी घेतले की पागे यांनी त्याचे उत्तर किती आधी दिले होते, ते कळते.