कविवर्य यशवंत आणि त्यांचे रविकिरण मंडळ

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. यंदा ते लिहिण्याचे काम संपादकांनी माझ्यावर सोपविले आणि व्यक्तीची निवडही माझ्यावरच सोडली. मी ३२ वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, कारकुनीवर संसार चालविणाऱ्या आणि तरीही महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेल्या एका कवीचे नाव माझ्या मनात प्रथम आले, ह्याचे कोणास नवल वाटू नये. ते नाव कविवर्य यशवंत, म्हणजेच यशवंत दिनकर पेंढरकर, ह्यांचे.

आणखी एक कारण सांगतो. आपल्या काही कुटुंबांतील मुले-मुली हल्ली कथा-कविता लिहितात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्यापैकी एकाने मागे मला विचारले की, लिहिणाऱ्याने लिहिणाऱ्यांच्या मेळ्यात जावे, की एकट्याने आपल्या खोलीत बसून लिहावे? मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. यशवंतांचे चरित्र पुन्हा चाळताना तो प्रश्न माझ्या डोळ्यांसमोर होता.

यशवंतांचा जन्म ९ मार्च १८९९ रोजी सातारा जिल्ह्यातील चाफळ येथे झाला. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या राममंदिरामुळे हे गाव सर्वांच्या परिचयाचे आहे. शिक्षण झाले ते सांगलीस, आणि तेही मॅट्रिकपर्यंतच. परंतु सांगलीत त्यांना एक गुरू भेटले. रामकथेवर दीर्घ काव्ये रचणारे कवी साधुदास तेव्हा तेथे होते. त्यांच्या सहवासात ह्या तरुणाच्या हाताला रचनेचे पहिले वळण लागले. साधुदास जुन्या वळणाचे कवी. भाषा भारदस्त, वृत्ते कसोशीने सांभाळलेली. पुढे यशवंतांची कविता निराळ्या वाटेने गेली खरी, परंतु लहानपणी घोटून घेतलेला कित्ता कधी वाया जात नाही, हे आम्हां मास्तर मंडळींना चांगले ठाऊक आहे.

पुढे पोटासाठी ते पुण्यास आले आणि लेखनिकाची नोकरी करू लागले. दिवसभर कचेरीत कागद उतरवून काढावयाचे आणि उरलेल्या वेळात कविता लिहावयाची, असा तो क्रम. त्या काळचे पुणे विद्वानांचे पुणे होते. एकेका वाड्यात दोन-तीन पदवीधर आणि एकेका पेठेत पाच-सहा पंडित! अशा गावात मॅट्रिक झालेल्या कारकुनाने आपली कवितेची वही कोणापुढे उघडावी?

ती वही उघडण्याची जागा त्यांना रविकिरण मंडळाने दिली. ह्या मंडळाची हकीगत थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण त्याशिवाय यशवंत पुरते कळावयाचे नाहीत.

मंडळ १९२३ साली पुण्यात स्थापन झाले. त्याचे मूळ मात्र अगदी घरगुती. काही कवी आणि काव्यप्रेमी मित्र रविवारी चहाच्या निमित्ताने जमत, आपल्या नव्या कविता एकमेकांस वाचून दाखवीत आणि त्यांवर बोलत. ह्या बैठकीस प्रारंभी गमतीने ‘सन-टी क्लब’ असे नाव पडले होते. श्री. बा. रानडे आणि त्यांच्या पत्नी सौ. मनोरमाबाई हे कविदांपत्य ह्या मेळ्यात होते. फर्ग्युसन महाविद्यालयात फारशी शिकविणारे प्रा. माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, होते. शं. के. कानेटकर, म्हणजे कवी गिरीश, होते. प्रसिद्ध नाटककार वसंत कानेटकर हे त्यांचेच चिरंजीव. शिक्षणक्षेत्रात नाव कमावणारे वि. द. घाटे होते, पुढे नागपुरास थोर संपादक म्हणून गाजलेले ग. त्र्यं. माडखोलकर होते. नाट्यछटाकार दिवाकरही होते, आणि त्यांचा उल्लेख करताना मला विशेष समाधान वाटते, कारण ते आमच्याच पेशाचे, शाळामास्तर! आणि ह्या सर्वांमध्ये आमचे यशवंत.

ह्या बैठकीत प्रत्येकाने कविता वाचावयाची आणि इतरांनी तिची परीक्षा करावयाची. माधव जूलियन ह्यांची नजर भाषेच्या आणि वृत्ताच्या बाबतीत फार तीक्ष्ण. एखादी मात्रा ढळली वा एखादा शब्द सैल पडला तर तो त्यांना खपावयाचा नाही. ह्याच गृहस्थांनी पुढे ‘छंदोरचना’ हा मराठी छंदःशास्त्रावरील मोठा ग्रंथ सिद्ध केला, १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ दिला आणि १९३८ साली मराठीतील कार्याबद्दल मुंबई विद्यापीठाची डी. लिट्. मिळविली, मराठीसाठी ती मिळविणारे ते पहिलेच. अशा परीक्षकापुढे दर आठवड्यास कविता वाचावयाची, म्हणजे ज्याला महाविद्यालयाची पायरी चढावयास मिळाली नाही त्याला घरबसल्या महाविद्यालय मिळाल्यासारखेच झाले. फी कसली, तर चहाच्या पेल्याइतकी! पदवी मात्र नाही. ती द्यावयाची की नाही हे पुढे वाचकांनी ठरविले.

मंडळाने आपल्या कवींची पुस्तकेही स्वतःच काढली. पहिले ‘किरण’ १९२३ सालीच निघाले. पुढे ‘उषा’, ‘शलाका’, ‘प्रभा’ अशी तेजस्वी नावांची पुस्तके आली. कवितेची पुस्तके प्रकाशकास नकोशी वाटतात ही तक्रार आजची नव्हे. एकट्याचे जे छापावयास कोणी धजत नाही, ते सात-आठ जणांचे मिळून बाहेर पडू शकते, ही गोष्ट ह्या मंडळींनी करून दाखविली. नवख्या कवीचे नाव जाणत्या नावांच्या शेजारी छापले गेले की वाचक निदान पान उलटून पाहतो. यशवंतांना हा लाभ निश्चित झाला.

परंतु मंडळात यशवंतांनी केवळ घेतले, दिले काहीच नाही, असे कोणी समजू नये. त्यांच्यापाशी एक वस्तू अशी होती की ती पंडितांच्या ग्रंथांत सापडावयाची नाही. ती म्हणजे गळा. यशवंत आणि गिरीश आपल्या कविता जाहीर सभांतून चालीवर म्हणून दाखवीत. कवींनी एकत्र जमून काव्य ऐकविण्याची प्रथा आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. १९०७ साली जळगावास भरलेल्या कविसंमेलनात बालकवींचा उदय झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु गावोगाव जाऊन शेकडो श्रोत्यांपुढे कवीनेच आपले काव्य गावे आणि श्रोत्यांनी कीर्तनास यावे तसे त्यास यावे, हा काव्यगायनाचा प्रघात लोकप्रिय केला तो रविकिरण मंडळाने, आणि त्यातही यशवंत-गिरीशांनी. ज्यांनी जन्मात कवितेचे पुस्तक विकत घेतले नसते त्यांच्या कानी कविता पोहोचली. ओव्या आणि स्त्रीगीते ह्यांवर वाढलेल्या बायाबापड्यांना ह्या कविता परक्या वाटल्या नाहीत, कारण यशवंतांची भाषा घरगुती आणि भाव कौटुंबिक.

मंडळात शिरणाऱ्यास मंडळाची निंदाही वाटून घ्यावी लागते. यशवंतांना ती पुरेपूर घ्यावी लागली. हे लोक एकमेकांची पाठ थोपटतात, गाण्याच्या जोरावर सुमार काव्य खपवितात, नाजूकपणाचे आणि प्रेमाचे अवडंबर माजवितात, असे आक्षेप घेतले गेले. १९२५ साली ‘केशवकुमार’ ह्या नावाने आचार्य अत्रे ह्यांनी ‘झेंडूची फुले’ हे विडंबनांचे पुस्तक काढले आणि ह्या कवींच्या लकबींवर सारा महाराष्ट्र हसला. ते पुस्तक मीही हसत हसतच वाचले आहे, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. पण ज्याची टर उडविली जाते त्याच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे. प्राध्यापकास विडंबनाने काय होणार? त्याची पदवी आणि त्याची खुर्ची त्याच्यापाशी असते. कारकुनापाशी कवितेखेरीज काय होते?

त्याच सुमारास माधव जूलियन ह्यांच्या खाजगी जीवनातील एका प्रकरणावरून पुण्यात गहजब झाला आणि त्यांना फर्ग्युसनमधील जागा सोडावी लागली. त्याच्या तपशिलात मी शिरत नाही. स्मरणिका घरोघरी मुलेही वाचतात. परंतु एका सभासदावर चिखल उडाला की त्याचे शिंतोडे सर्वांवर येतात, हे सांगितलेच पाहिजे. माडखोलकर नागपुरास गेले. १९२६ साली मनोरमाबाई वारल्या. त्यांचे वय तेव्हा अवघे ३० वर्षांचे. ज्या मेळ्याचे मूळ घरगुती चहात, त्याच्या गृहिणीच गेल्या! ज्याचे त्याचे उद्योग ज्याला त्याला दूर नेऊ लागले आणि मंडळ हळूहळू विरत गेले.

येथे माझी एक गोष्ट सांगावयाची आहे. ती अप्रस्तुत वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. तरुणपणी मीही कविता लिहीत असे. मी नोकरीस होतो त्या तालुक्याच्या गावी काही लिहिणारी मंडळी शनिवारी सायंकाळी एका सभासदाच्या घरी जमत. त्यांत वकील होते, एक डॉक्टर होते, महाविद्यालयातील दोघे होते. मला निमंत्रण होते. मी वही पिशवीत घालून दारापर्यंत गेलो. आत कोणी काही वाचीत होते, मधूनच हसण्याचा आवाज येत होता. ते कशास हसले हे मला आजतागायत ठाऊक नाही. मी जिना उतरून परत आलो आणि पुन्हा गेलो नाही. कोणी मला अडविले नव्हते. ती वही अजून घरी आहे; तिच्यातील कवितांत काय सैल आहे हे सांगणारे कोणी मला भेटले नाही, आणि माझे मलाही ते दिसत नाही.

असो. मंडळ विरले, पण यशवंत विरले नाहीत. १९२९ साली त्यांचा ‘यशोधन’ हा संग्रह निघाला आणि त्यांची योग्यता सर्वांस पटली. १९३१ साली ‘जयमंगला’ आली. बिल्हण कवी आणि राजकन्या ह्यांची जुनी आख्यायिका त्यांनी तीत भावगीतांच्या मालेतून गुंफली आहे. पुढच्याच वर्षी ‘बंदीशाळा’ प्रसिद्ध झाली. ह्या खंडकाव्याकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. गुन्हेगार ठरलेल्या, बंदिवासात पडलेल्या अल्पवयीन मुलांचे जिणे हा तिचा विषय. ज्यांना नाजूक प्रेमकवी म्हणून हिणविले त्यांच्यापैकी एकाने सात वर्षांच्या आत असा विषय हाती घ्यावा! शिक्षक म्हणून सांगतो, वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या आणि एके दिवशी शाळेत यावयाचा थांबणाऱ्या मुलाचे पुढे काय होते, ह्याचा विचार करणारे काव्य मराठीत फार थोडे आहे.

आईवरील त्यांची कविता तर वेगळी सांगावयास नकोच. मातृहीन मुलाचा आक्रोश तीत आहे. ती शिकविताना वर्गात एखादे तरी पोरके मूल असावयाचे आणि मला खिडकीबाहेर पाहत शिकवावे लागावयाचे. तिच्या रचनेतील सफाई मंडळाच्या परीक्षेतून गेलेल्या हाताची आहे. आतील कळ मात्र कोणा मंडळाने शिकविलेली नव्हे.

१९४० साली बडोदे संस्थानाने यशवंतांना राजकवी नेमिले. महाराज सयाजीराव आदल्याच वर्षी निवर्तले होते आणि प्रतापसिंहराव गादीवर आले होते; त्यांच्या राज्याभिषेकावर यशवंतांनी ‘काव्यकिरीट’ रचिले. माधव जूलियन ह्यांचा जन्म १८९४ साली ह्याच बडोद्यात झालेला. परंतु आपल्या मित्राचा हा गौरव पाहावयास ते राहिले नव्हते. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, ४५ वर्षांच्या वयात, ते इहलोक सोडून गेले होते. मात्रा मोजणारा परीक्षक गेल्यावर पुढच्या कविता प्रथम कोणास दाखवावयाच्या, हा विचार यशवंतांच्या मनात आल्याखेरीज राहिला नसेल.

संस्थाने गेली आणि १९४९ साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. परंतु लोकांनी दिलेला मान राज्यांबरोबर जात नाही. १९५० साली मुंबईस भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद यशवंतांना मिळाले. माधव जूलियन १९३६ साली जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष होते. माडखोलकर १९४६ साली बेळगावच्या संमेलनाचे. आणि पुढे १९५३ साली अहमदाबादेस वि. द. घाटे त्याच आसनावर बसले. रविवारच्या चहास जमणाऱ्या मूठभर मंडळींतून चार संमेलनाध्यक्ष निघाले, आणि त्या चौघांत एक मॅट्रिक झालेला कारकून होता.

उतारवयातही त्यांची लेखणी थांबली नाही. १९६८ साली, एकोणसत्तर वर्षांच्या वयात, त्यांनी ‘छत्रपति शिवराय’ हे महाकाव्य महाराष्ट्रास दिले. रामकथेवर मोठी काव्ये रचणाऱ्या साधुदासांचा सांगलीतला कित्ता पन्नास वर्षांनी असा वर आला, असे मला वाटते. तो काळ नवकवितेचा होता. मर्ढेकरांनंतर गेय कवितेस जुनाट मानण्याची रीत पडली होती आणि ह्या महाकाव्याचे विद्वानांत व्हावे तसे स्वागत झाले नाही. ते सबंध वाचणे मलाही सोपे गेले नाही, हे सांगून टाकतो. पण त्यांतील काही प्रसंग मी मुलांना वाचून दाखवीत असे आणि मुले मधली सुटी विसरत.

दिवाकर फार पूर्वी, १९३१ सालीच, गेले होते. १९७३ साली गिरीश गेले, १९७६ साली माडखोलकर, १९७८ साली घाटे. यशवंत मागे राहिले. २६ नोव्हेंबर १९८५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. त्या वर्षी मी चौथीच्या वर्गावर होतो. दुसऱ्या दिवशी पाठ बाजूस ठेवून मी मुलांना आईची कविता चालीवर म्हणावयास सांगितली, आणि शेजारच्या वर्गातील मुलेही तीत सामील झाली.