रसायनाचार्य गे-ल्युसाक व अग्निरोधक वस्त्रे

वायूंच्या नियमामुळे विद्यार्थ्यांस परिचित असलेले जोसेफ लुई गे-ल्युसाक यांचा जन्म ६ डिसेंबर १७७८ रोजी फ्रान्समध्ये झाला. राज्यक्रांतीत वडिलांस तुरुंगवास घडला. तथापि त्यांचे शिक्षण खुंटले नाही. पॅरिसच्या पॉलिटेक्निक विद्यालयात शिकून पुढे ते तेथेच रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८०८ साली प्रयोगशाळेतील स्फोटाने डोळ्यांस इजा झाली, तरी त्याच वर्षी थेनार यांच्यासह त्यांनी बोरॉन हे मूलद्रव्य मिळविले.

त्या काळी दिव्यांची ज्योत लागून नाट्यगृहांतील पडदे पेट घेत. अठराव्या लुई राजाच्या आज्ञेवरून गे-ल्युसाक यांनी यावर संशोधन करून ते १८२१ साली प्रसिद्ध केले. टाकणखार, नवसागर व अमोनियम फॉस्फेट यांच्या द्रावणात भिजवून वाळविलेले कापड सहसा ज्वाळा धरीत नाही. काही क्षार वितळून धाग्यावर काचेसारखा लेप धरतात, काही न जळणारे वायू सोडतात. मात्र धुतल्याने क्षार निघून जातात. ही उणीव पुढील संशोधकांनी दूर केली. ९ मे १८५० रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपला वणी परिसर कापसाचा व कोळशाचा. एका ठिणगीने वर्षाचे कष्ट राख होतात, हे येथील कुटुंबांस सांगणे नलगे. आपल्या ज्ञातीतील बुद्धिमान मुलामुलींनी या लोकोपयोगी शास्त्राकडे वळावे, हीच इच्छा.