गुळगुळीत शब्दांचा वैरी

सासवडजवळच्या कोढीत गावी १३ ऑगस्ट १८९८ रोजी जन्मलेले आचार्य प्रल्हाद केशव अत्रे नाटककार, संपादक, चित्रपटनिर्माते आणि वक्ते म्हणून सर्वपरिचित आहेत. मराठीतील साचेबंद भाषेवर त्यांनी केलेला पहिला मोठा हल्ला मात्र कवितेतून झाला.

१९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळाची स्थापना झाली. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश आदी कवींनी मराठी कवितेला नवे वळण दिले. परंतु त्या वळणाची लवकरच वहिवाट झाली. विरहाचे ठरावीक उसासे, फार्सी शब्दांची पेरणी, दुर्लभ प्रेयसीची आळवणी यांची नक्कल सुरू झाली. 'केशवकुमार' या टोपणनावाने अत्रे यांनी १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' हा विडंबनसंग्रह प्रसिद्ध करून या लकबींची यथेच्छ टवाळी केली. जी शैली सहज नक्कल करण्याजोगी झाली, तिच्यातील अनुभव आटला, हे त्यांनी वाचकाला हसवत हसवत पटवून दिले.

टवाळी करून ते थांबले नाहीत. पुण्यातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांना रूक्ष, उपदेशपर धड्यांचा परिणाम रोज दिसत होता. 'नवयुग वाचनमाला' या क्रमिक पुस्तकांतून त्यांनी मुलांच्या हाती जिवंत, रसाळ मराठी दिली. घराघरांत पोचलेले हे काम विडंबनाइतकेच मोलाचे होते.

पुढे १९४० मध्ये 'नवयुग' साप्ताहिक आणि १९५६ मध्ये 'मराठा' दैनिक निघाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची वाणी आणि लेखणी तळपली. याच काळात अतिशयोक्ती ही त्यांची ओळख बनली. कोणाचा गौरव असो वा धिक्कार, त्यांना गेली दहा हजार वर्षे अपुरी पडत. ज्यांनी इतरांच्या लकबींचे विडंबन केले, त्यांचीच ही लकब विनोदाचा विषय झाली. तरीही त्यांच्या तोंडी तिला आवेशाचे बळ होते. आज सत्कार समारंभांतून आणि शोकसभांतून ती उसनी घेतली जाते, तेव्हा केवळ आकडा उरतो.

१३ जून १९६९ रोजी अत्रे यांचे निधन झाले. 'झेंडूची फुले' आजही आवडीने वाचली जाते. ज्या कवितांची त्यात थट्टा आहे, त्यांपैकी कित्येक मूळ कविता मात्र वाचकांच्या स्मरणातून गेल्या आहेत.