सम्राटाच्या पोटातले दुखणे

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातला नेपोलियन बहुतेकांना आठवत असेल. कपाळावर आलेली बट, करारी नजर आणि उजवा हात कोटाच्या आत, पोटाजवळ खुपसलेला. त्याचे पोट सतत दुखायचे म्हणून तो हात तिथे ठेवी, असे आमच्या गुरुजींनी सांगितल्याचे मला अजून आठवते. पुढे कळले, की ही दंतकथा. भारदस्त माणसाचे चित्र काढताना हात असा कोटात दाखवण्याची त्या काळच्या चित्रकारांची रीतच होती. जाक-लुई दाव्हिदने १८१२ मध्ये काढलेल्या चित्रामुळे ती नेपोलियनला कायमची चिकटली. पण गंमत अशी, की गुरुजींची गोष्ट खोटी असली तरी तिचा शेवट खरा निघाला. साऱ्या युरोपशी झुंजलेल्या या माणसाला अखेर संपवले ते त्याच्या पोटानेच!

त्याच्याकडे मी नव्याने वळलो तो लढायांसाठी नव्हे. माझे वडील जठराच्या कर्करोगाने गेले. दुखणे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. माझी पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी मला दुर्बिणीतून पोट तपासून घ्यायला सांगितले आणि मी काही ना काही निमित्त काढून दोन महिने ते टाळत राहिलो. त्या दोन महिन्यांत नेपोलियनचे चरित्र हाती आले, आणि सुरुवातीलाच त्याचे वडील भेटले.

कार्लो बोनापार्ट हे कॉर्सिका बेटावरचे वकील. १५ ऑगस्ट १७६९ रोजी अजाक्सियो गावी नेपोलियन जन्मला. १७८५ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधल्या माँपेलिए शहरी कार्लो वारले तेव्हा त्यांचे वय होते अवघे ३८. शवविच्छेदनात जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ सापडली. नेपोलियन त्या वेळी पंधरा वर्षांचा, पॅरिसच्या लष्करी शाळेतला विद्यार्थी. वडिलांचे ते दुखणे तो जन्मभर विसरला नाही.

पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी तो तोफखान्यात अधिकारी झाला. १७९६ मध्ये इटलीची मोहीम, १७९८ मध्ये इजिप्त, १७९९ मध्ये फ्रान्सची सत्ता आणि १८०४ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, सम्राटपद. १८०५ मध्ये ऑस्टरलिट्झला त्याने दोन सम्राटांच्या फौजा एका दिवसात मोडल्या. १८१२ मध्ये रशियाच्या बर्फात स्वतःची लाखोंची फौज गमावली. १८१४ मध्ये एल्बा बेटावर हद्दपारी, तिथून सुटका, आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू.

वॉटर्लूला त्याला हरवणाऱ्यांतला वेलिंग्टन आपल्याला परका नाही. १८०३ च्या सप्टेंबरात जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली तो हाच. हिंदुस्थानातून मायदेशी परतताना १८०५ मध्ये तो अटलांटिक महासागरातल्या एका एकाकी बेटावर थांबला होता. ते बेट सेंट हेलेना. दहा वर्षांनी हरलेला सम्राट त्याच बेटावर कैदी म्हणून उतरला!

लाँगवूड नावाच्या ओलसर घरात नेपोलियनची शेवटची पाच वर्षे गेली. पोटात वरच्या बाजूला कळा येऊ लागल्या. पण दुखण्याचे नाव ठरवणे हेही तिथे राजकारण होते. बेटाच्या हवेने यकृत बिघडले असे म्हटले, तर कैद्याला दुसरीकडे हलवण्याची मागणी पुढे येणार. गव्हर्नर हडसन लो यांना ते नको होते. जॉन स्टोको या नौदलाच्या डॉक्टरने यकृताचा विकार असल्याचे सांगितले, तर १८१९ मध्ये त्याच्यावर लष्करी खटला भरून त्याला बडतर्फ करण्यात आले. रोगी एक, डॉक्टर अनेक, आणि पोटाच्या आत काय चालले आहे हे पाहण्याचे साधन मात्र एकाकडेही नाही.

१८२० च्या अखेरीपासून तो झपाट्याने खंगत गेला. अन्न ठरेना, उलट्या थांबेनात. त्याच्या वेगवेगळ्या काळातल्या विजारींच्या कमरेची मापे घेऊन संशोधकांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा शेवटच्या काही महिन्यांत त्याचे वजन दहा किलोंहून अधिक घटल्याचे दिसले. मरणापूर्वी त्याने आपल्या डॉक्टरांना, फ्रांचेस्को अंतोमार्की यांना, एक काम सांगून ठेवले. मृत्यूनंतर माझे जठर नीट तपासा आणि काय सापडले ते माझ्या मुलाला कळवा, म्हणजे त्याला तरी सावध राहता येईल. सम्राटाची नव्हे, बापाची ही इच्छा वाचून मी पुस्तक मिटून ठेवले.

५ मे १८२१ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, नेपोलियन गेला. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश डॉक्टरांच्या साक्षीने शवविच्छेदन झाले. जठराच्या आत मोठा व्रण पसरलेला होता. एके ठिकाणी जठर आरपार फुटले होते आणि यकृत त्याला चिकटल्यामुळे ते भोक बुजलेले होते. तरीही विषप्रयोगाचा संशय मिटला नाही. १९६१ मध्ये फोर्शुफवूड या स्वीडिश दंतवैद्याने केसांतल्या आर्सेनिकवरून तो पुन्हा जागवला. पण २००८ मध्ये इटलीतल्या संशोधकांना त्याच्या लहानपणीच्या केसांतही तसेच आर्सेनिक आढळले. त्या काळी ते घरोघरी शरीरात जात होतेच. त्याआधी २००७ मध्ये काही तज्ज्ञांनी शवविच्छेदनाच्या नोंदी आजच्या रुग्णांच्या जठरांशी ताडून पाहिल्या. त्यांचा निष्कर्ष असा, की तो दहा सेंटिमीटरहून मोठा, पुढच्या अवस्थेतला कर्करोग होता आणि त्याचे मूळ बहुधा जंतुसंसर्गाने आलेल्या जुनाट सुजेत होते.

हा जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो १९८२ मध्ये मार्शल आणि वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी शोधला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. एका घरात तो एकमेकांना लागतो. बापलेकाचे दुखणे एक असावे, यात केवळ रक्ताचा वारसा असतो असे नाही.

नेपोलियनच्या मृत्यूनंतर ४७ वर्षांनी, १८६८ मध्ये, जर्मनीत कुसमाउलने तलवार गिळणाऱ्या एका खेळ्याच्या घशातून सरळ नळी घालून प्रथम जिवंत माणसाचे जठर पाहिले. १८८१ मध्ये व्हिएन्नात बिलरोथने कर्करोगाचा भाग कापून जठर यशस्वीपणे जोडले. १९५७ मध्ये काचतंतूंची लवचीक दुर्बीण आली. तरीही एक अडचण उरली. अगदी सुरुवातीचा कर्करोग म्हणजे गाठ नव्हेच. अस्तरावरचा किंचित फिकट किंवा लालसर डाग, तोही सुजेच्या डागांत हरवलेला. आणि त्या अवस्थेत रुग्णाला बहुधा काहीच होत नसते.

यावर जपानी तंत्रज्ञांनी काढलेली युक्ती मोठी सुंदर आहे. पांढऱ्या प्रकाशाऐवजी निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे जठरात सोडायचे. रक्तातले हिमोग्लोबिन नेमका हा प्रकाश शोषून घेते. निळा प्रकाश खोल शिरत नाही, म्हणून अस्तराच्या अगदी वरच्या थरातल्या केशवाहिन्या तपकिरी रंगात उठून दिसतात. निरोगी अस्तरावर त्यांची जाळी एकसारखी असते. ठिपक्यांच्या रांगोळीवर कोपऱ्यात कोणाचा पाय पडावा, तशी ती एखाद्या जागी विस्कटलेली दिसली आणि भोवती स्पष्ट सीमारेषा असली, की डॉक्टर तिथलाच तुकडा तपासणीला घेतात. रोग वरच्या थरातच सापडला, तर तेवढा थर पोट न फाडता त्याच दुर्बिणीतून सोलून काढता येतो. जपानमध्ये सुरुवातीलाच सापडलेल्या या रुग्णांपैकी दहातले नऊहून अधिक जण पाच वर्षांनंतरही हयात असतात.

अखेर मी गेलो. घशात बधिरतेचे औषध फवारले, दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर माझे गुलाबी जठर दिसू लागले. डॉक्टरांनी बटण दाबताच सारे हिरवट-तपकिरी झाले. त्या चित्रात मी कोणाला शोधत होतो, हे सांगायला नकोच. तुकड्यांचा अहवाल येईपर्यंतचे दिवस कठीण गेले. कर्करोग नव्हता. सूज होती आणि तो जंतू होता. चौदा दिवसांच्या औषधांवर भागले.

दुर्बीण प्रत्येकाने घालून घ्यावी असे मुळीच नाही. पण घरात आई-वडील किंवा भावंडांना हा रोग झाला असेल, वजन विनाकारण घटत असेल, शौचाला काळे होत असेल, तर आम्लपित्ताच्या गोळ्या घेत बसण्यापेक्षा डॉक्टरांना विचारलेले बरे.

नेपोलियनचा मुलगा १८३२ मध्ये व्हिएन्नात क्षयाने गेला, वयाच्या एकविसाव्या वर्षी. बापाने ज्याच्यापासून सावध करायचे योजले होते, तो रोग त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. तरी सांगून ठेवण्याची ती रीत मला योग्य वाटते. घरी आल्यावर मी माझा अहवाल आणि आजोबांच्या दुखण्याची हकीकत दोन्ही मुलांसमोर ठेवली. माझ्या वडिलांना त्यांच्या वडिलांचे पोट कशाने गेले, हे कोणी सांगितलेच नव्हते.