विश्लेषण : जगप्रसिद्ध ‘फेंडर’ हे नाव लिओ फेंडर यांच्याच हातून कसे निसटले?

इलेक्ट्रिक गिटार म्हटले की ‘फेंडर’ हे नाव आठवतेच. पण हे नाव ज्यांचे होते त्या लिओ फेंडर यांना आयुष्याची शेवटची २६ वर्षे स्वतःच्या गिटारवर ते लावता आले नाही.

रेडिओ दुरुस्तीपासून गिटारपर्यंत...

१९०९ साली कॅलिफोर्नियात जन्मलेले लिओ शिकले हिशेबनिशी आणि रमले रेडिओत. १९३८ मध्ये त्यांनी फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. गंमत म्हणजे त्यांना गिटार वाजवता येत नसे. गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्या वादकांच्या तक्रारी ऐकत ते शिकले. पहिले भागीदार डॉक कॉफमन. १९४५ मध्ये दोघांनी ‘के अँड एफ’ कंपनी काढली, पण कर्जाच्या धास्तीने कॉफमन वर्षभरातच बाहेर पडले.

नवे काय केले?

पोकळ गिटारचा आवाज यंत्राने वाढवला की ती घुमायला, किंचाळायला लागे. लिओंनी भरीव लाकडाची गिटार केली आणि तिची मान चार स्क्रूंनी बसवली. मान बिघडली तर बदलायची, इतके सोपे! १९५१ची ‘टेलिकास्टर’ आणि १९५४ची ‘स्ट्रॅटोकास्टर’ आजही विकली जाते. ‘टेलिकास्टर’चे आधीचे नाव ‘ब्रॉडकास्टर’ होते; ग्रेच कंपनीच्या ड्रमचे नाव तसेच असल्याने ते बदलावे लागले.

भागीदारीत काय घडले?

लिओ बनवणार, विकणार दुसरेच, अशी विभागणी होती. १९५३ मध्ये विक्रीसाठी ‘फेंडर सेल्स’ स्थापन झाली. त्याच वर्षी तिच्यातील भागीदार एफ. सी. हॉल यांनी ‘रिकनबॅकर’ ही गिटार कंपनी विकत घेतली. म्हणजे भागीदारच प्रतिस्पर्धी! पुढे हॉल बाहेर पडले आणि लिओ व डॉन रँडल यांच्याकडे निम्मी-निम्मी मालकी आली. खप वाढवला तो रँडल यांनी, हे मान्य करावेच लागेल.

मग कंपनी विकली का?

दीर्घ आजारामुळे. सायनसच्या संसर्गाने लिओ खचले होते. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएसकडे गेली. स्पर्धेत न उतरण्याची अटही होती. पुढे नव्या डॉक्टरांच्या औषधांनी ते ठणठणीत बरे झाले. १९६९ मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने स्ट्रॅटोकास्टर गाजवली, तेव्हा कंपनी परक्यांची होती.

पुढे काय झाले?

जुने सहकारी फॉरेस्ट व्हाइट आणि टॉम वॉकर यांच्या ‘म्युझिक मॅन’चे लिओ १९७५ मध्ये अध्यक्ष झाले. तिथेही बिनसले. मग जॉर्ज फुलर्टन यांच्यासह ‘जी अँड एल’ निघाली. जॉर्ज आणि लिओ, ही त्यातली अक्षरे. आडनाव लावणे शक्यच नव्हते. १९८५ मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी बिल शुल्झ यांच्या नेतृत्वाखालील कर्मचाऱ्यांना सव्वा कोटी डॉलरना विकली. खरेदीपेक्षा कमी किंमत! लिओ मात्र परत गेले नाहीत. पार्किन्सनने हात थरथरत असतानाही ते ‘जी अँड एल’च्या कारखान्यात जात राहिले. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.