डॉनला बुडवणारी हिशेबाची वही

एकविसावा वाढदिवस. तुमचा झाला असेल, नाहीतर येईलच लवकर. केक, मित्रांचा गोंधळ, उशिरा घरी आल्याबद्दल आईची बोलणी, असंच काहीतरी. अल कपोनला मात्र त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाला थेट सरकारकडून भेट मिळाली. तारीख १७ जानेवारी १९२०. त्या दिवशी अख्ख्या अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. दारू बनवणं गुन्हा, विकणं गुन्हा, वाहून नेणं गुन्हा. गंमत बघा, पिणं तेवढं गुन्हा नव्हतं! म्हणजे गिऱ्हाईक जागेवरच होतं, फक्त दुकानं बंद झाली होती. हे गिऱ्हाईक कुणीतरी उचलणारच होतं.

त्याचा फोटो तुम्ही पाहिलाय. हॅट, सूट, तोंडात जाडजूड सिगार. टी-शर्टवर असतो, कॅफेच्या भिंतीवर असतो, रीलमध्ये तर एखादा जबरदस्त डायलॉग चिकटवूनच असतो. त्यातले बरेच डायलॉग त्याचे नाहीतच, पण ते सोडा. फोटोमागचा माणूस बघू.

जन्म १८९९ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. आईवडील इटलीतल्या नेपल्सच्या बाजूचे, पोट भरायला अमेरिकेत आलेले. वडील न्हावी, आई शिवणकाम करायची. घरात पोरांची रांग. गुन्हेगारीचा वारसा वगैरे काही नव्हता. चौदाव्या वर्षी शाळेत शिक्षिकेवर हात उगारला आणि शाळा सुटली ती सुटलीच. मग गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात नोकरी, बोलिंगच्या अड्ड्यावर नोकरी आणि संध्याकाळी गल्लीतल्या टोळ्या.

आता याच घरातला थोरला भाऊ बघा. विन्सेन्झो त्याचं नाव. सोळाव्या वर्षी घरातून पळाला, पश्चिमेकडे गेला, रिचर्ड हार्ट असं नवं नाव घेतलं आणि नेब्रास्का राज्यात चक्क दारूबंदी अधिकारी झाला. कमरेला दोन पिस्तुलं लावून हातभट्ट्या फोडत फिरायचा. एक भाऊ दारू विकतोय, दुसरा पकडतोय. हिंदी सिनेमावाल्यांनी असं लिहिलं असतं तर आपण हसलो असतो. परिस्थितीनेच माणूस गुन्हेगार होतो असं कुणी तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं, तर या हार्टसाहेबांची आठवण ठेवा.

गालावरच्या खुणांची गोष्ट त्याच्या दंतकथेत फार मिरवते, खरं तर ती अगदीच किरकोळ आहे. कोनी आयलंडला फ्रँकी येल नावाच्या गुंडाच्या बारमध्ये तो दारावरचा दांडगा म्हणून कामाला होता. तिथे आलेल्या एका मुलीबद्दल काहीतरी वेडंवाकडं बोलला. तिचा भाऊ शेजारीच बसलेला. त्याने चाकू काढला आणि डाव्या गालावर तीन वार केले. त्यावरून ‘स्कारफेस’ हे नाव पडलं. या नावाचा त्याला भयंकर राग यायचा. फोटो काढताना तो उजवा गाल पुढे करायचा आणि जखमा युद्धातल्या आहेत असं सांगायचा. तो युद्धावर कधी गेलाच नव्हता. ज्या नावाने पोरं आज टी-शर्ट विकत घेतात, ते नाव म्हणजे मुलीची छेड काढून मार खाल्ल्याची पावती होती.

लग्न झालं, मुलगा झाला, आणि विशीत असतानाच जॉनी टोरिओ नावाच्या जुन्या उस्तादाने त्याला शिकागोला बोलावून घेतलं. टोरिओ डोक्याने चालणारा माणूस. दारूबंदीत किती पैसा आहे हे त्याने सगळ्यांच्या आधी ओळखलं. बंद पडलेल्या ब्रुअऱ्या हाताशी धरायच्या, बिअर ट्रकने पोचवायची, चोरटे बार चालवायचे, जोडीला जुगार आणि वेश्याव्यवसाय. पोलीस, न्यायाधीश, नगरसेवक यांचे हप्ते ठरलेले. कपोनच्या व्हिजिटिंग कार्डावर मात्र जुन्या फर्निचरचा व्यापारी असं छापलेलं असायचं.

आपल्याकडे बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं दिसतं ना, ते १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचं शेपूट. त्या कायद्यानेही इथे हातभट्टीवाले मोठे केले. वरदराजन मुदलियार हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. बंदी आली की तस्कर येतो, मग ते शिकागो असो की धारावी.

शिकागोला खेटून सिसेरो नावाचं छोटं शहर आहे. १९२४ मध्ये तिथली निवडणूक कपोनच्या माणसांनी बंदुका घेऊन जिंकून दिली. मतदारांना धमकावलं, विरोधकांच्या माणसांना पळवून नेलं. त्याच दिवशी पोलिसांच्या गोळीने त्याचा सख्खा भाऊ फ्रँक गेला. पण शहर हाती आलं. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, टोरिओवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो कसाबसा वाचला आणि सगळा कारभार कपोनवर सोपवून बाजूला झाला. कपोन तेव्हा सव्वीसचा. आपल्याकडे या वयात पोरं एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट देत असतात.

पुढची चार-पाच वर्षं शिकागोत टोळीयुद्धाची. भर रस्त्यात मशिनगन. १९२६ मध्ये तर दुश्मनांनी गाड्यांचा ताफा घेऊन त्याच्या हॉटेलवर हजाराच्या वर गोळ्या झाडल्या. तो जमिनीवर पालथा पडून वाचला. तीन आठवड्यांत त्या टोळीचा म्होरक्या हायमी वाइस रस्त्यावर मारला गेला. खटला? छे. साक्षीदारच मिळायचा नाही.

आणि लोकांना तो आवडायचा, हे विसरू नका. बेसबॉलच्या मॅचला गेला की लोक टाळ्या वाजवायचे. पत्रकारांना तो मनमोकळ्या मुलाखती द्यायचा. महामंदीत, १९३० मध्ये, त्याने बेकारांसाठी फुकट सूप-पावाचं केंद्र उघडलं. रोज हजारो माणसं जेवून जायची. माटुंगा स्टेशनबाहेरचा वरदाभाईचा गणपती बघायला लोटलेली गर्दी ज्यांनी पाहिली आहे, अशा कुणा काकांना विचारा, हे कसं चालतं ते. भुकेल्याला सूप मिळालं, हे खरंच. पण ज्या शहराला तो जेवू घालत होता त्याच शहरातून पैसा खेचून ते सूप शिजत होतं.

त्याआधी १४ फेब्रुवारी १९२९ येऊन गेला होता. व्हॅलेंटाइन डे. नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरच्या एका गॅरेजमध्ये बग्ज मोरानच्या टोळीची माणसं जमली होती. गाडी येऊन थांबली, चारजण उतरले, त्यातले दोघे पोलिसांच्या गणवेशात. नेहमीची धाड समजून आतले सातजण निमूटपणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मशिनगन चालल्या. सातही गेले. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो मोरान तिथे नव्हताच. मेलेल्यांत एक चष्मेवाला होता, त्याला गुंडांच्या संगतीत बसायची हौस होती. दुसरा गॅरेजचा मेकॅनिक, घरी बायको आणि मुलं. कपोन तेव्हा फ्लोरिडातल्या बंगल्यावर होता. या खुनांसाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. पण फोटो पेपरांत छापून आले आणि टाळ्या थांबल्या. पुढच्या वर्षी शिकागोच्या क्राइम कमिशनने समाजशत्रूंची यादी काढली, त्यात पहिलं नाव कपोनचं.

फोरेन्सिकमध्ये करिअर करायचं असेल तर इथे जरा थांबा. याच प्रकरणात कॅल्व्हिन गोडार्ड नावाच्या तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्या जुळवून कोणत्या बंदुका वापरल्या ते सिद्ध केलं, आणि त्यातून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गुन्हे तपासणीची प्रयोगशाळा उभी राहिली.

आता कॉमर्सवाल्यांनो, तुमचा भाग. सिनेमात कपोनला धडाकेबाज एलियट नेस पकडतो. नेसने ब्रुअऱ्या फोडल्या, त्याचं नुकसानही केलं, पण दारूबंदीच्या गुन्ह्यांवर खटला चाललाच नाही. कपोनला पकडलं इन्कम टॅक्सवाल्यांनी. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला होता की बेकायदा कमाईवरही कर भरावा लागतो. फ्रँक विल्सन नावाचा चष्मेवाला, चिकाटीचा अधिकारी कामाला लागला. कपोनच्या नावावर बँक खातं नाही, मालमत्ता नाही, सही नाही. मग एके दिवशी कार्यालयातल्या जुन्या कपाटात जुगाराच्या अड्ड्यावरून कधीतरी जप्त केलेल्या वह्या सापडल्या. विल्सनने अक्षर कुणाचं ते शोधलं, त्या कारकुनाला गाठलं आणि साक्षीला उभं केलं. वर कपोनच्याच वकिलाने तडजोडीच्या आशेने लेखी कबूल केलं होतं की अशिलाला उत्पन्न आहे!

खटला ऑक्टोबर १९३१ मध्ये उभा राहिला. ज्युरीला पैसे चारायची तयारी झाली होती. न्यायाधीश विल्करसन यांना कुणकुण लागली. त्यांनी सकाळी शांतपणे आपली ज्युरी शेजारच्या कोर्टात पाठवली आणि तिथली आपल्याकडे आणली. शिक्षा अकरा वर्षं आणि पन्नास हजार डॉलर दंड. वय बत्तीस.

या प्रकरणात सरकारला आतून माहिती पुरवणारा एक वकील होता, एडवर्ड ओहेअर. १९३९ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. त्याचा मुलगा दुसऱ्या महायुद्धात नौदलाचा नामांकित वैमानिक ठरला आणि लढतानाच गेला. तुमच्यापैकी कुणी एमएससाठी शिकागोला गेलं तर ज्या विमानतळावर उतराल, तो त्या मुलाच्या नावाचा.

तुरुंगात कपोन कपडे धुवायचा, कैद्यांच्या बँडमध्ये बँजो वाजवायचा. अल्काट्राझमध्ये एका कैद्याने त्याला कात्रीने भोसकलं. पण खरा घात केला तो तरुणपणी झालेल्या गुप्तरोगाने. सिफिलिस मेंदूत शिरला होता. दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तो १९३९ मध्ये सुटला, आणि बाहेर आला तो एक गोंधळलेला, आजारी माणूस. डॉक्टरांच्या मते त्याची बुद्धी बारा वर्षांच्या मुलाएवढी उरली होती. २५ जानेवारी १९४७ ला फ्लोरिडात गेला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. शिकागोतली टोळी त्याच्याविना व्यवस्थित चालू होती. मुलाने १९६६ मध्ये कपोन हे आडनाव टाकून ब्राउन घेतलं.

२०२१ मध्ये नातींनी घरातल्या वस्तूंचा लिलाव केला. त्याच्या आवडत्या कोल्ट पिस्तुलाला ८ लाख ६० हजार डॉलर आले. अल्काट्राझमधून त्याने मुलाला लिहिलेलं एक पत्रही होतं. त्याला साधारण ५७ हजार.