संत पेद्रो कालुंगसोद : गावाची नोंद नसलेला रक्तसाक्षी

२ एप्रिल हा संत पेद्रो कालुंगसोद ह्याचा स्मृतिदिन. फिलिपिन्समधील बिसाया बेटांवरचा हा तरुण धर्मशिक्षक १६७२ साली, वयाच्या सुमारे अठराव्या वर्षी, गुआम बेटाच्या किनाऱ्यावर रक्तसाक्षी झाला. बिसाया भाषेत 'लुंगसोद' म्हणजे गाव. ह्या संताच्या आडनावातच तो शब्द ऐकू येतो; परंतु त्याचे स्वतःचे गाव कोणते, हे मात्र कोणत्याही जुन्या कागदपत्रात लिहिलेले नाही. येशूसंघीय धर्मगुरूंच्या नोंदींत त्याची ओळख केवळ 'बिसाया प्रांतातील' एवढीच आहे. आज अनेक गावे त्याला आपला सुपुत्र मानतात. त्यांपैकी एक आहे सेबू बेटावरील गिनातिलान. आम्ही ह्या संताचे चरित्र वाचकांपुढे ठेवताना त्याच किनाऱ्यापासून आरंभ करीत आहोत.

सेबूचा नैर्ऋत्य किनारा

सेबू बेट उत्तर-दक्षिण जवळजवळ २०० किलोमीटर लांब आहे. त्याची रुंदी मात्र फार तर ३२ किलोमीटर भरेल. बेटाच्या मध्यातून चुनखडीच्या डोंगरांची रांग गेली आहे आणि डोंगर व समुद्र ह्यांच्यामध्ये सपाट जमिनीची अरुंद पट्टी उरली आहे. ह्याच पट्टीवर, सेबू शहरापासून सुमारे १३० किलोमीटर अंतरावर, बेटाच्या नैर्ऋत्येस गिनातिलान वसले आहे. त्याच्या उत्तरेस मालाबुयोक आणि दक्षिणेस सांबोआन ही गावे आहेत. पश्चिमेस तान्योनची सामुद्रधुनी असून तिच्या पलीकडे नेग्रोस बेटाचे डोंगर दिसतात. गिनातिलान नगरपालिकेत १४ वस्त्या आहेत. काही किनाऱ्याला लागून, तर काही डोंगराच्या उतारावर. इनांबाकानचा धबधबा ह्याच डोंगरातला. तान्योनच्या सामुद्रधुनीत डॉल्फिन व देवमासे विहरतात. १९९८ साली फिलिपिन्स शासनाने तिला संरक्षित सागरी क्षेत्र घोषित केले.

चुनखडीच्या ह्या पातळ मातीत भात फारसा होत नाही. म्हणून सेबूच्या ग्रामीण भागात पिढ्यान्‌पिढ्या मका हेच मुख्य अन्न राहिले. हा मका मूळचा मेक्सिकोचा. मनिला आणि आकापुल्को ह्या बंदरांमध्ये ये-जा करणाऱ्या स्पॅनिश गलबतांच्या काळात तो ह्या बेटांवर आला. पुढे त्याच सागरी मार्गाने पेद्रोच्या आयुष्याची दिशाही ठरवली.

समुद्राने जसे अन्न दिले तसे भयही दिले. सतराव्या शतकात दक्षिणेकडील सुलू व मिंदानाओ येथून सशस्त्र होड्या येत, किनाऱ्यावरील वस्त्या लुटत आणि माणसांना गुलाम करून नेत. ह्या सावटाखाली बिसायातील मुले वाढत होती. होडी वल्हवणे, पोहणे आणि भाला चुकवणे ही त्यांच्यासाठी जगण्याची विद्या होती, हे आपण ध्यानात ठेवावे.

श्रद्धेचे बीज

१५२१ साली मॅगेलनचा ताफा सेबूला पोहोचला. एप्रिल महिन्यात तेथील राजा हुमाबोन व त्याची राणी ह्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला आणि राणीला बाळ येशूची मूर्ती भेट मिळाली. त्याच महिन्याच्या २७ तारखेस शेजारच्या माक्तान बेटावर लापू-लापूच्या योद्ध्यांशी लढताना मॅगेलन मारला गेला. पुढे ४४ वर्षांनी, १५६५ साली, लेगास्पी सेबूला आला तेव्हा तीच मूर्ती एका घरात सापडली. आजही ती सेबूच्या बाझिलिकेत आहे. १५९५ साली सेबू धर्मप्रांताची स्थापना झाली आणि संपूर्ण बिसाया प्रदेश त्याच्या कक्षेत आला.

येशूसंघीय धर्मगुरूंनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस ह्या बेटांवर कार्य सुरू केले. धर्मगुरू थोडे आणि बेटे अनेक. म्हणून त्यांनी मुलांसाठी निवासी शाळा काढल्या. मुलांना तेथे धर्मतत्त्वे, वाचन, लेखन, गायन आणि उपासनेत सेवा करणे शिकवले जाई. शिकून तयार झालेली मुले आपल्याच लोकांना त्यांच्याच भाषेत श्रद्धेचे धडे देत. अशाच एखाद्या शाळेत पेद्रो घडला असावा, असे अभ्यासक मानतात. त्याचा जन्म १६५४ च्या सुमाराचा. त्याचे आईवडील, भावंडे, घर ह्यांविषयी एक ओळही उरलेली नाही.

चोरांची बेटे की मरियेची बेटे?

सेबूपासून सुमारे २३०० किलोमीटर पूर्वेस, विशाल प्रशांत महासागरात गुआम बेट आहे. तेथील मूळ रहिवासी चामोरो लोक. मार्च १५२१ मध्ये सेबूच्या आधी मॅगेलन तेथेच थांबला होता. बेटकऱ्यांनी ताफ्यातील एक लहान होडी नेली म्हणून त्याने त्यांची घरे जाळली, काही माणसे मारली आणि त्या द्वीपसमूहाला चोरांची बेटे असे नाव दिले. युरोपच्या नकाशांवर ते नाव जवळजवळ दीड शतक टिकले.

१६६२ साली फिलिपिन्सकडे जाताना दिएगो लुईस दे सान व्हितोरेस ह्या स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरूंनी ही बेटे पाहिली. येथे शुभवर्तमान कोणी आणले नाही, ह्याची त्यांना खंत वाटली. त्यांनी स्पेनच्या दरबारी पाठपुरावा केला आणि जून १६६८ मध्ये ते मेक्सिकोमार्गे गुआमला उतरले. राणी मारियाना हिच्या सन्मानार्थ त्या बेटांना 'मारियाना' हे नवे नाव मिळाले. त्यांच्यासोबत आणखी धर्मगुरू, काही सैनिक आणि प्रापंचिक धर्मशिक्षकांची एक तुकडी होती. तीत पेद्रो होता. वय सुमारे चौदा.

आरंभी स्वागत चांगले झाले. हगात्न्याचा प्रमुख किपुहा ह्याने मिशनला जागा दिली. त्या जागेवर बांधलेले पहिले चर्च फेब्रुवारी १६६९ मध्ये खुले झाले. पण किपुहा लवकरच वारला आणि वातावरण बदलू लागले. स्नानसंस्काराचे पाणी विषारी असते अशी अफवा चोको नावाच्या चिनी गृहस्थाने पसरवली. गलबत फुटल्यामुळे तो पूर्वीपासून त्या बेटावर राहत होता. आजारी व मरणोन्मुख बालकांना स्नानसंस्कार दिला जाई आणि त्यांतील काही दगावत. त्यामुळे अफवेवर लोकांचा विश्वास बसला.

परंतु सारा दोष अफवेवर टाकून आपण मोकळे होऊ नये. मिशनसोबत सैनिक होते. मिशनरींनी चामोरो लोकांच्या पूर्वजांच्या पूजनीय कवट्या नष्ट केल्या, तरुणांची पारंपरिक घरे बंद पाडण्याचा प्रयत्न केला. ज्यांच्या चालीरीतींवर घाव पडला ते संतापले, ह्यात नवल नाही. १६७१ साली हगात्न्याला वेढा पडला आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. मिशनचे मार्ग धोक्याचे झाले. तरीही सान व्हितोरेस ह्यांनी एक नियम पाळला. सोबतच्या धर्मशिक्षकांनी शस्त्र बाळगायचे नाही.

२ एप्रिल १६७२

त्या दिवशी, शनिवारी, फादर सान व्हितोरेस आणि पेद्रो निघून गेलेल्या एका सोबत्याचा शोध घेत तुमोन गावी पोहोचले. तेथील मातापांग ह्याच्या घरी नुकतीच मुलगी जन्मली होती. मातापांग पूर्वी ख्रिस्ती झाला होता, पण त्याने श्रद्धा सोडली होती. बाळाला स्नानसंस्कार देण्याची विनंती त्याने संतापाने धुडकावली. त्याला शांत होण्यास अवधी मिळावा म्हणून दोघांनी गावातील मुले व मोठी माणसे किनाऱ्यावर जमवली आणि धर्मतत्त्वे गात त्यांना शिकवू लागले. मातापांगलाही त्यांनी बोलावले, पण तो आला नाही. तो हिराओ नावाच्या सोबत्याला घेऊन येण्यास गेला. हिराओ ख्रिस्ती नव्हता. ह्या पाहुण्यांनी आपल्याला चांगले वागवले आहे म्हणून तो प्रथम तयार होईना. भित्रा म्हणून हिणवल्यावर मात्र तो राजी झाला.

दरम्यान आईच्या संमतीने बाळाचा स्नानसंस्कार झाला. हे कळताच मातापांग भडकला. त्याने पहिले भाले पेद्रोवर फेकले. पेद्रो चपळ होता. त्याने काही भाले चुकवले. तो एकटा असता तर पळून वाचला असता, हाती शस्त्र असते तर त्याने प्रतिकारही केला असता, असे त्याला ओळखणाऱ्यांचे मत होते. पण तो आपल्या गुरूंना सोडून गेला नाही. अखेर एक भाला त्याच्या छातीत शिरला. तो कोसळताच हिराओने त्याच्या डोक्यावर घाव घातला. फादरांनी त्याला पापक्षमा दिली. पाठोपाठ त्यांनाही ठार करण्यात आले. दोघांच्या पायांना दगड बांधून देह होडीतून खोल समुद्रात नेऊन सोडण्यात आले. ते पुन्हा मिळाले नाहीत. ज्याच्या गावाची नोंद नाही, त्याची कबरही नाही.

विस्मृती आणि स्मरण

ह्यानंतर मारियाना बेटांवर वर्षानुवर्षे लढाया चालल्या. लढाया, बाहेरून आलेले रोग आणि सक्तीचे स्थलांतर ह्यांमुळे अठराव्या शतकाच्या आरंभी चामोरो लोकसंख्या अवघ्या काही हजारांवर आली. रक्तसाक्ष्यांचे स्मरण करताना त्या मृतांचाही विसर पडू देणे आम्हांला उचित वाटत नाही. पेद्रोने एकही वस्ती जाळली नव्हती, कोणावर शस्त्र उगारले नव्हते. त्याच्या निःशस्त्र मरणाचे मोल त्या रक्तरंजित पार्श्वभूमीवर अधिकच जाणवते.

सान व्हितोरेस ह्यांच्या हौतात्म्याची चौकशी लवकरच, १६७३ साली सुरू झाली. पण पुढे ती थंडावली. विसाव्या शतकात तिला पुन्हा चालना मिळाली आणि ६ ऑक्टोबर १९८५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. त्या कामासाठी जुनी हस्तलिखिते चाळताना त्यांच्या तरुण सोबत्याचे नाव नव्याने पुढे आले. स्पॅनिश राजवटीत गुआम सेबू धर्मप्रांताच्या अखत्यारीत होते. म्हणून सेबूचे आर्चबिशप कार्डिनल रिकार्दो विदाल ह्यांनी १९९४ साली पेद्रोसाठी प्रक्रिया आरंभली. ५ मार्च २००० रोजी तो धन्यवादित घोषित झाला. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी त्याला संतपद बहाल केले. १९८७ साली संतपदी गेलेले लोरेन्झो रुईझ ह्यांच्यानंतरचा हा दुसरा फिलिपिनो संत.

पेद्रोचे कोणतेही समकालीन चित्र नाही. धन्यवादित घोषणेच्या वेळी चित्र हवे होते, तेव्हा चित्रकाराने बास्केटबॉल खेळणाऱ्या एका बिसाया तरुणाला समोर ठेवून ते रेखाटले. हातात धर्मतत्त्वांचे पुस्तक धरून चालणारा तो मुलगा आज घरोघरी पोहोचला आहे.

तो कोणाचा?

मग त्याचे गाव कोणते? गिनातिलानमध्ये कालुंगसोद आडनावाची कुटुंबे आहेत. तेथील धर्मग्राम महान संत ग्रेगोरी ह्यांच्या नावे आहे आणि गावाने पेद्रोचे तीर्थस्थानही उभारले आहे. परंतु दक्षिण लेटेतील हिनुनांगान आणि इलोइलोतील मोलो येथील भाविकही तो आपला असल्याचे सांगतात. आडनावाचा पुरावा फार दूर नेत नाही. फिलिपिन्समध्ये आडनावांची शिस्त १८४९ च्या सरकारी आदेशाने लागली, म्हणजे पेद्रोच्या मृत्यूनंतर १७७ वर्षांनी. ख्रिस्तसभेने कोणत्याही एका गावाच्या बाजूने निर्णय दिलेला नाही. त्याची ओळख बिसायाचा एवढीच ठेवली आहे.

आम्हांला ह्या संयमात मोठी शिकवण दिसते. गावाचा अभिमान वाईट नव्हे. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. तेही धर्मगुरू नव्हते. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले, १५९३ साली दुभाषा म्हणून जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर भाल्यांनी विद्ध झाले. ज्या फिलिपिन्सने आपल्या गोन्सालोला समर्पित जीवनाची वाट दाखवली, त्याच फिलिपिन्सने पुढे पेद्रोला गुआमला पाठवले. एकाचे गाव जगाला ठाऊक आहे, दुसऱ्याचे ठाऊक नाही. पण गावाची नोंद नाही म्हणून पेद्रोच्या साक्षीत काही उणे पडत नाही.

आपल्या धर्मग्रामांत दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारे अनेक तरुण-तरुणी आहेत. त्यांची नावे फलकावर लागत नाहीत, वार्षिक अहवालात त्यांचा उल्लेख एका ओळीत होतो. पेद्रोचाही उल्लेख तेवढाच होता, तोही त्याच्या गुरूंच्या चरित्राच्या कडेने. तुमोनच्या किनाऱ्यावर त्याने शेवटचे काम केले ते मुलांना धर्मतत्त्वे शिकवण्याचे. आपल्या धर्मशिक्षकांना त्याचे मध्यस्थीबळ लाभो, आणि गिनातिलानपासून मोलोपर्यंत त्याला आपला म्हणणाऱ्या सर्व गावांत त्याच्यासारखी निःशस्त्र श्रद्धा वाढो, हीच प्रार्थना.

संत पेद्रो कालुंगसोद, आम्हांसाठी विनंती कर.